पापणी उचलतं कोण?

1869 साली झुरिचचे नेत्रवैद्य योहान फ्रिडरिश हॉर्नर यांच्याकडे चाळिशीची एक शेतकरी बाई आली. उजव्या डोळ्याची वरची पापणी खाली आली होती. शेवटच्या बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी हे सुरू झालं, आणि पुढे हळूहळू वाढत गेलं, असं तिचं म्हणणं. त्या काळचा दुसरा कुणी शल्यवैद्य असता तर त्याने पापणीची घडी चिमटीत धरली असती आणि किती कातडी कापायची याचा अंदाज घेतला असता. हॉर्नर यांनी उरलेला चेहरा पाहिला. उजवी बाहुली डावीपेक्षा लहान होती. तपासणी चालू असतानाच बाईच्या चेहऱ्याची उजवी बाजू लाल झाली, हाताला गरम लागू लागली. डावी मात्र फिकट आणि गार राहिली. लाली आणि गारव्याची सीमा चेहऱ्याच्या बरोबर मध्यावरून जात होती. हॉर्नर यांनी निष्कर्ष काढला, की पापणीत काही बिघडलेलं नाही. मानेतून वर येणाऱ्या सिम्पथेटिक नसांपैकी उजव्या बाजूच्या नसांचं काम थांबलं आहे.

हा निष्कर्ष काही आकाशातून पडला नव्हता. पुर्फूर द्यु पेती या फ्रेंच वैद्याने 1727 मध्येच कुत्र्यांच्या मानेतली ही नस कापून डोळ्यावरचा परिणाम नोंदवला होता, आणि क्लोद बर्नार यांचे जनावरांवरचे प्रयोग तर ताजेच होते. पण समोर बसलेल्या माणसाच्या पडलेल्या पापणीपासून मागे मागे जात, दोष थेट मानेत आहे असं सांगणं वेगळं. पडलेल्या पापणीच्या इतिहासात मला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि गंमत अशी की यात कुणी चाकूच उचललेला नाही.

पापणी उचलण्याची व्यवस्था थोडक्यात अशी. खोबणीच्या अगदी खोल टोकाशी लिव्हेटर नावाचा स्नायू सुरू होतो, डोळ्याच्या वरून पुढे येतो आणि पापणीत शिरताना पातळ, पांढरट पडद्यासारखा पसरतो. हा पडदा पापणीच्या आतल्या ताठ पट्टीला, टार्ससला, धरून असतो. स्नायूला हुकूम येतो तो मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या नसेवाटे. त्याच्या पाठीला चिकटून आणखी एक लहानसा स्नायू आहे. तो आपल्या इच्छेने चालत नाही, सिम्पथेटिक नसांच्या तालावर चालतो, आणि पापणीला जेमतेम दोन मिलिमीटरची उचल देतो. व्युर्त्सबुर्गचे हाइनरिश म्युलर यांनी 1858 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो म्युलरचा स्नायू. हॉर्नर यांच्या बाईची पापणी पडली ती याने काम सोडल्यामुळे. तिसरा भिडू कपाळाचा. लिव्हेटर दमला की माणूस नकळत भुवया वर ताणतो. टोसिसच्या, म्हणजे पडलेल्या पापणीच्या, रुग्णाच्या कपाळावर आठ्या पडतात त्या रागाच्या नसतात, आणि हनुवटी वर असते ती ताठ्यामुळे नसते. बिचारा पापणीच्या खालच्या फटीतून जग बघत असतो.

हे सगळं कळायला फार वेळ लागला. तोपर्यंत वैद्यांच्या हाताशी होती ती कातडी.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 76 नेत्ररोग मोजले आहेत, त्यांपैकी 21 पापणीचे. तिथे वरच्या पापणीच्या शस्त्रक्रियेचं जे तपशीलवार वर्णन आहे ते पक्ष्मकोपाचं, म्हणजे पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचतात त्या रोगाचं. भुवई आणि पापणीची कड यांच्यामधली जवाच्या दाण्याच्या आकाराची कातडी आडवी कापायची, केसाने शिवायची, कपाळावर पट्टी बांधायची आणि टाके तिच्याशी अडकवून ठेवायचे. कातडी वर ओढली गेली की केसही बुबुळापासून दूर होतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कोर्दोबाचे अल-झहरावी यांनी याच रोगासाठी इतर उपायांबरोबर एक बिनचाकूचा उपायही लिहून ठेवला: पापणीवरची जादा कातडी वेताच्या दोन बारीक कांबींमध्ये धरायची, कांबींची टोकं करकचून बांधायची, आणि मधली कातडी रक्ताविना सुकून गळून पडेपर्यंत वाट बघायची. वाचतानाच डोळ्यांत पाणी येतं. पण केसांच्या रोगाला हे उपाय चुकीचे नव्हते. तिथे कातडी ताणणं हाच उद्देश होता.

पडलेल्या पापणीलाही वैद्य हाच न्याय लावत राहिले. पाव्हिया विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ आंतोनिओ स्कार्पा यांच्यासारखा जाणकार माणूससुद्धा 19व्या शतकाच्या सुरुवातीला कातडीची पट्टी कापूनच पापणी वर घेण्याचा प्रयत्न करत होता. पडदा वर ओढायची दोरी तुटलेली असताना पडद्याचं कापड तोकडं करावं, तसा हा प्रकार. थोडी कापली तर काही महिन्यांत उरलेली कातडी सैलावून पापणी पुन्हा जागेवर; जास्त कापली तर डोळा मिटेना. आणि न मिटणारा डोळा पडलेल्या पापणीपेक्षा वाईट. बुबुळ कोरडं पडतं, त्यावर जखम होते, दृष्टी जाते.

कातडीच्या पलीकडे पहिलं पाऊल पडलं ते मँचेस्टरमध्ये, 1830च्या सुमारास. हंट नावाच्या सर्जननी कातडी भुवईच्या अगदी लगत कापली आणि टाके असे घातले की पापणी कपाळाच्या स्नायूच्या ओढीत यावी. रुग्ण भुवई उचलून पापणी वर न्यायची धडपड करतोच आहे, तर त्या धडपडीला पापणी जोडून द्यावी, हा त्यामागचा विचार. दोरी दुरुस्त करणं जमत नसेल तर दुसरी बांधा. आज मोडीत निघालेल्या त्या काळातल्या बहुतेक युक्त्यांमधून ही एक टिकली. पॅरिसचे पानास यांनी 1886 मध्ये पापणीच्या कातडीची जीभ काढून ती भुवईखालच्या कातडीच्या पुलाखालून वर ओढली आणि कपाळाला शिवली. काम होई, पण डोळ्यावर व्रण आणि घड्या अशा राहत की दोष झाकला की मिरवला, असा प्रश्न पडावा.

दरम्यान लंडनमध्ये विल्यम बोमन यांनी खऱ्या दोरीला हात घातला होता. मूत्रपिंडातल्या गाळणीच्या सूक्ष्म रचनेला आणि बुबुळातल्या एका थराला ज्यांचं नाव आहे, तेच हे बोमन. शरीराच्या बारीक रचनेत आयुष्य घालवलेल्या माणसालाच हे सुचणार होतं. 1857 मध्ये त्यांनी पापणी उलटी केली आणि आतल्या ओल्या बाजूने लिव्हेटरपर्यंत जाऊन तो आखूड केला. जर्मनीतल्या एव्हरबुश यांनी 1883 मध्ये तिथेच जाण्याची पुढची, म्हणजे कातडीच्या घडीतून आत शिरण्याची वाट दाखवली. आजच्या बहुतेक शस्त्रक्रिया या दोन वाटांनीच जातात.

एव्हरबुश यांच्यानंतर वर्षभरातच, सप्टेंबर 1884 मध्ये, व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरच्या शोधाची बातमी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेत पोचली: कोकेनच्या द्रावणाचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो. तोपर्यंत क्लोरोफॉर्म किंवा ईथर देऊन रुग्णाला झोपवावं लागे, आणि झोपलेल्या माणसाची पापणी किती उचलली जाते हे कुणाला कसं दिसणार? स्नायू किती आखूड करायचा हे अंदाजाने ठरे. आता रुग्ण जागा राहणार, ‘वर बघा’ म्हटल्यावर वर बघणार, अशी शक्यता तयार झाली. तिचा पुरता लाभ घ्यायला मात्र पुढची पिढी उजाडावी लागली.

तेव्हाच्या सर्जनांना उसनवारीचा मोह जास्त होता. 1897 मध्ये आंझेचे मोते आणि पॅरिसचे पारिनो यांनी एकाच वर्षी तीच कल्पना मांडली: डोळा वर फिरवणाऱ्या स्नायूची मधली पट्टी पापणीला जोडायची. वर बघताना डोळा आणि पापणी हातात हात घालून वर जातील, असा हिशेब. कागदावर तो सुरेख दिसतो. प्रत्यक्षात काही रुग्णांना एकाचे दोन दिसू लागले, कारण ज्या स्नायूवर डोळ्याची दिशा अवलंबून त्याच्याच अंगावर हे दुसरं ओझं टाकलं होतं. शिवाय झोपेत डोळा वर वळतो तेव्हा पापणीही त्याच्याबरोबर वर जाऊन डोळा उघडा राहायचा. ही शस्त्रक्रिया कितीतरी वर्षं चालू राहिली. हुशार युक्ती सहजासहजी मरत नाही.

इथे एका पोरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. 1883 मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट मार्कस गन यांनी 15 वर्षांची एक मुलगी दाखवली. तिची एक पापणी पडलेली, पण जबडा हलला की ती झटकन वर उडे. जबड्याच्या नसेचे काही धागे जन्मतःच चुकून पापणीच्या स्नायूकडे गेलेले असतात. हा प्रकार बहुधा आईच्याच लक्षात आधी येतो: बाळ अंगावर पिताना दर घोटाला डोळा मारतं. घरचे हसतात, आणि त्यात काही चुकीचं नाही. तपासणी मात्र करून घ्यायला हवी.

लहान मुलांच्या बाबतीत प्रश्न दिसण्याचा कमी आणि दृष्टीचा जास्त आहे. पापणीने बाहुली झाकली तर त्या डोळ्याकडून मेंदूला चित्रच मिळत नाही. मेंदू त्या डोळ्याचा नाद सोडतो, आणि डोळा आळशी होतो. मूल आठ-दहा वर्षांचं झाल्यावर पापणी वर घेतली तरी गेलेली दृष्टी सहसा पूर्ण परत येत नाही. बर्क आणि वॉड्सवर्थ यांनी 1955 मध्ये अशा मुलांचे लिव्हेटर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्नायूच्या जागी बऱ्याच अंशी तंतू आणि चरबी सापडली. स्नायू दमलेला किंवा निसटलेला नव्हता, तो धड तयारच झालेला नव्हता. त्यामुळेच अशा मुलांची पापणी नीट वर जात नाही तशी खाली बघताना नीट खालीही येत नाही. नसलेला स्नायू किती आखूड करणार? अशा वेळी हंट यांची जुनी कपाळाची युक्तीच उपयोगी पडली, फक्त कातडीच्या जिभेऐवजी आता मांडी मदतीला आली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला फॅशिया लाटा नावाचा चिवट पांढरा पडदा असतो. त्याच्या पट्ट्या काढून पापणी कपाळाला टांगायची कल्पना पायर यांनी 1909 मध्ये मांडली होती. टोरांटोच्या क्रॉफर्ड यांनी 1956 मध्ये लहान मुलांसाठी तिची घडी अशी बसवली, की आजही सर्जन क्रॉफर्ड पद्धत म्हणूनच ती शिकतात. मांडीतून पुरेशी लांब पट्टी मिळावी म्हणून मूल साधारण तीन वर्षांचं होईपर्यंत थांबतात. त्याआधी घाई असेल तर सिलिकॉनच्या दोरीने काम भागवतात. कपाळ उचललं की डोळा उघडतो. मुलं हे इतक्या लवकर शिकतात की पाहणाऱ्याला कळतही नाही.

इतकी दुरुस्ती साधल्यावरही एक तऱ्हा अशी होती जिच्यापुढे सर्जनचा चाकू निरुपयोगी. सकाळी पापणी ठीक, संध्याकाळी पडलेली. आज डावी, उद्या उजवी. पुढे चावताना जबडा दमतो, घास घशात अडकतो, हात वर होत नाहीत. बर्लिनच्या फ्रिडरिश योली यांनी 1895 मध्ये या रोगाला मायस्थेनिया ग्रॅव्हिस नाव दिलं. उपाय नव्हता. स्नायू कापून पाहिला तर निरोगी, नस पाहिली तर निरोगी.

लंडनच्या ग्रिनिच भागातल्या सेंट आल्फीज रुग्णालयात 1934 मध्ये मेरी ब्रॉडफूट वॉकर ही स्कॉटिश डॉक्टर काम करत होती. हे रुग्णालय मूळचं गरिबांच्या कायद्याखालचं, पुढे लंडन काउंटी कौन्सिलकडे आलेलं. नावाजलेल्या तज्ज्ञांची अध्यापन रुग्णालयं वेगळी, हे वेगळं. वॉकर 1913 मध्ये एडिंबरामधून पदवीधर झालेल्या, वय 46, हुद्दा साहाय्यक वैद्यकीय अधिकाऱ्याचा. त्यांच्या वॉर्डात मायस्थेनियाची 56 वर्षांची एक रुग्ण होती. भेटीला येणारे तरुण मज्जातंतुतज्ज्ञ डेरेक डेनी-ब्राउन बोलता बोलता म्हणाले, की या रोगाची लक्षणं क्युरारीच्या विषबाधेसारखी दिसतात. क्युरारी हे दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणांचं विष. ते शिकारीचे स्नायू लुळे पाडतं. वॉकर यांनी पुस्तकं काढली आणि क्युरारीवर थोडा उतारा कशाचा पडतो ते शोधलं. उत्तर मिळालं फायसोस्टिग्मिन. हे औषध निघतं पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबारच्या एका शेंगेच्या बीपासून. तिथे आरोप झालेल्याला ते बी खायला घालून तो दोषी की निर्दोष हे ठरवण्याची प्रथा होती. वाचला तर निर्दोष.

वॉकर यांनी त्या बाईला फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं. अर्धा ते एक तासात डावी पापणी वर गेली, हातांत जोर आला, लोंबणारा जबडा सावरला, गिळणं सुधारलं. काही तासांनी औषधाचा जोर ओसरला आणि पापणी पुन्हा खाली आली. परत इंजेक्शन दिलं, परत वर. 2 जून 1934 च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे पत्ररूपाने छापलं. त्याच सुमारास नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर निरोप पोचवण्याचं काम अॅसिटिलकोलीन हे रसायन करतं, याचे पुरावे जमत होते. त्या संशोधनासाठी डेल आणि लोवी यांना 1936 मध्ये नोबेल मिळालं. फायसोस्टिग्मिन या रसायनाचं विघटन रोखतं. म्हणजे दोष नसेत नाही, स्नायूतही नाही, त्या दोघांमधल्या फटीत होता. योली यांनी हे औषध सुचवलं होतं म्हणतात, पण वापरून पाहिलं नव्हतं. वापरून पाहिलं वॉकर यांनी, आणि पुढच्या वर्षी त्याहून सोयीचं प्रोस्टिग्मिन, म्हणजे निओस्टिग्मिन, त्यांनी रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या सभेत रुग्णावर प्रत्यक्ष दाखवलं. एडिंबरा विद्यापीठाने 1935 मध्ये त्यांच्या एम.डी.च्या प्रबंधाला सुवर्णपदक दिलं. मोठ्या रुग्णालयातली तज्ज्ञाची जागा मात्र त्यांना कधी मिळाली नाही. पुढे त्या निवृत्त झाल्या आणि 1974 मध्ये विगटाउनला वारल्या. पुरुषांच्या नावांनी गजबजलेल्या या इतिहासात सगळ्यात देखणा निकाल एका बाईने इंजेक्शनच्या सुईने लावला, हे सांगताना मला थोडा आनंद होतो, आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

आपल्याकडे मायस्थेनियाचं नाव घरोघरी गेलं ते 1984च्या सुमारास अमिताभ बच्चन यांना हा आजार झाल्याच्या बातमीने. पण निओस्टिग्मिनचा आपल्याशी त्याहून जवळचा संबंध आहे, तो सापांमुळे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार रात्री चावते. सूज नाही, फारशा वेदना नाहीत, कधी दंशाची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, आणि उजाडता उजाडता पापण्या जड होतात. कोकणात किंवा विदर्भात आरोग्य केंद्रावर असं कुणी आलं तर तिथला डॉक्टर पहिल्यांदा पापण्या बघतो. नागाचं विष स्नायूच्या बाजूला, क्युरारीसारखंच अडथळा करतं. म्हणून प्रतिविषाबरोबर अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन दिल्यावर पापण्या उचलल्या जाऊ शकतात. मण्यारीचं विष नसेच्या टोकालाच इजा करतं, तिथे निओस्टिग्मिन फारसं चालत नाही. प्रतिविष द्यायचं, श्वास यंत्रावर चालू ठेवायचा आणि नसेची टोकं पुन्हा सुधारेपर्यंत थांबायचं.

आता उरते ती सगळ्यात जास्त आढळणारी पापणी, साठी-सत्तरीतली. तिचा उलगडा सगळ्यात शेवटी झाला, याचं मला नवल वाटतं. म्हाताऱ्या माणसाची पापणी खाली आली की स्नायू म्हातारा झाला असं सगळे धरून चालत, आणि त्या समजुतीने चांगला स्नायू कापून आखूड करत. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडचे लेस्टर जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये, आणि त्यानंतर अँडरसन आणि डिक्सन यांनी 1979 मध्ये दाखवून दिलं, की स्नायू बहुतेकदा ठणठणीत असतो. सुटलेला असतो तो त्याच्या टोकाचा पांढरा पडदा. वयाने, वर्षानुवर्षं डोळे चोळण्याने, कडक कॉन्टॅक्ट लेन्स ओढून काढण्याने, कधी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हा पडदा ताणला जातो किंवा टार्ससपासून निसटतो. त्याची खूण अशी: पापणीची घडी नेहमीपेक्षा वर सरकलेली असते, पण वर बघायला सांगितलं तर पापणी छान वर जाते. बर्क यांनी रूढ केलेली मोजणी आजही तीच आहे. डॉक्टर अंगठ्याने भुवई दाबून धरतात, म्हणजे कपाळाला लबाडी करता येत नाही. मग रुग्णाला खाली आणि वर बघायला लावून पापणी किती मिलिमीटर फिरली ते पट्टीने मोजतात. 12च्या पुढे असेल तर स्नायू उत्तम, पडदा शिवला की झालं. 4 किंवा त्याहून कमी असेल तर कपाळाला टांगणं आलं. मधल्यांसाठी लिव्हेटर आखूड करायचा. थोडीशीच पडलेली असेल तर आतल्या बाजूने म्युलरचा स्नायू आखूड करतात. त्याआधी फेनिलेफ्रिनचा थेंब टाकून पापणी उचलली जाते का, हे पाहून घेतात. मायस्थेनियाचा संशय असेल तर दोन मिनिटं बर्फ पापणीवर ठेवतात. गारव्याने पापणी वर आली तर चाकू बाजूला राहतो. आणि पापणी अचानक पडली, बाहुली मोठी झाली, डोकं दुखतंय, अशी तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर नेत्रतज्ज्ञ रुग्णाला ताबडतोब मेंदूच्या तपासणीला पाठवतो, कारण तिसऱ्या नसेवर फुगलेल्या रक्तवाहिनीचा दाब असू शकतो.

2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मोठ्या वयात पडलेल्या पापणीसाठी ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांना परवानगी दिली. सर्दीत नाकात घालायच्या थेंबांत असतं तेच हे औषध, मात्र डोळ्यासाठी वेगळं बनवलेलं. नाकाची बाटली डोळ्यात ओतायची नाही. ते म्युलरच्या स्नायूला काही तास चेतवतं, आणि पापणी मिलिमीटर-दीड मिलिमीटर उचलली जाते.

पडदा शिवायची शस्त्रक्रिया जागेपणीच करतात. सर्जन तात्पुरता टाका घालतो, रुग्णाला टेबलावर उठून बसायला सांगतो, ‘समोर बघा’ म्हणतो, लांबून दोन्ही डोळे न्याहाळतो, टाका सैल करतो, पुन्हा बसवतो. इथे 1868 मध्ये एवाल्ट हेरिंग यांनी डोळ्यांच्या हालचालींबद्दल मांडलेला नियम आड येतो: मेंदू दोन्ही बाजूंना सारखाच हुकूम पाठवतो. पडलेली पापणी उचलायला तो जादा जोर लावत होता, आणि त्याच जोरावर दुसरी पापणीही उंच राहिली होती. पहिली दुरुस्त झाली, जोर कमी झाला, की चांगली समजलेली दुसरी पापणी खाली येते. म्हणून सावध सर्जन आधीच पडलेली पापणी बोटाने उचलून दुसरीकडे काय होतं ते बघून ठेवतो, आणि रुग्णाला तेव्हाच सांगतो की काम कदाचित दोन्ही डोळ्यांचं आहे.